लोणखेड्यातल्या घरात पहिला भाग अर्ध्यावर बंद केला, तर ते मत कुणापर्यंत पोहोचतं?

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. शहादा तालुक्यातलं हे छोटं गाव त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत झळकलं. माणसं मोजायची नवी पद्धत ज्या तालुक्यातून सुरू झाली, त्याच तालुक्यात लोणखेडा आहे. शहाद्याला लागून असलेलं, कॉलेजांमुळे आसपासच्या पोरांना चांगलं ठाऊक असलेलं गाव.

आता समजा, इथल्या एका घरात रात्रीची जेवणं आटोपली आहेत. चॅनेलवर नव्या भयमालिकेचा पहिला भाग लागलाय. घरातली चार माणसं पंधरा मिनिटं बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "यामा काई दम नही." रिमोट उचलला जातो, चॅनेल बदलतं.

हे मत झालं. चौघांचं एकमतानं झालेलं, स्पष्ट मत. ते मुंबईत मालिका बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचतं का? बहुतेक वेळा नाही. आणि ज्या थोड्या वाटांनी पोहोचतं, त्या प्रत्येक वाटेवर मोजण्याची रीत वेगळी आहे. मराठीत भयकथा, विज्ञानकथा, गुन्हेकथा इतक्या कमी का बनतात, याचं अर्धं उत्तर या मोजमापात दडलेलं आहे.

जॉनर म्हणजे काय आणि त्याचं एवढं काय?

सिनेमावाले ज्याला 'जॉनर' म्हणतात, तो म्हणजे ठरावीक अपेक्षा घेऊन पाहिला जाणारा प्रकार. भयपट घाबरवणार, गूढपट शेवटपर्यंत गुन्हेगार लपवणार, विज्ञानपट एक अशक्य गोष्ट खरी मानायला लावणार. यात प्रेक्षकाचा आणि निर्मात्याचा न लिहिलेला करार असतो. करार पाळला नाही की प्रेक्षक लगेच उठतो, आणि म्हणूनच या प्रकारांत घरच्या प्रेक्षकाचं मत फार नेमकं असतं. कौटुंबिक मालिका 'बरी आहे' म्हणून वर्षभर चालू राहते. भयमालिका 'बरी' असून चालत नाही. भीती वाटली किंवा नाही वाटली, एवढंच.

लोणखेड्यात माझी एक मावशी आहे. समीक्षा वगैरे शब्द ती वापरत नाही, पण तिचे नियम ठरलेले आहेत. भूत पहिल्याच भागात अख्खं दाखवलं की मालिका बाद. दार करकरलं आणि मागे मांजर निघालं, असं दोनदा झालं की बाद. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक: माणसं घाबरली आहेत असं दाखवताना घरातली कामं थांबली असतील, तर ती गोष्ट खोटी. "भूत असलं म्हणून पाणी भरायचं राहतं का?" हा तिचा प्रश्न पटकथा लिहिणाऱ्या कुठल्याही माणसानं भिंतीवर लावावा असा आहे, असं मला वाटतं.

'रात्रीस खेळ चाले' तिला आवडली होती ती याच कारणानं. झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत कोकणातलं एक मोठं कुटुंब अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर वाड्यात जमतं. भीती आहे, पण तिच्याइतकीच जमीन, वाटण्या, जुने हिशेब आणि कोण किती दिवस राहणार याची कुजबुजही आहे. मालवणी वळणाची भाषा खानदेशातल्या माणसाला पहिल्या दिवशी कानाला परकी लागते, चौथ्या दिवशी लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, ते कथेत मागे गेलं. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीला मेलेला माणूस, म्हणजे माधव अभ्यंकरांनी साकारलेले अण्णा नाईक, इथे मालिकेचा केंद्रबिंदू झाला. मेलेलं पात्र परत आणावं लागावं इतकी पसंती मिळाली, ती कुठेतरी मोजली गेली होती. कशी, ते बघू.

टीआरपी: शितावरून भाताची परीक्षा

टीव्हीवर कोण काय बघतंय, याचे आकडे भारतात 'बार्क' ही संस्था २०१५ पासून देते. निवडलेल्या घरांत एक मीटर बसवलेला असतो. चॅनेलच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती ओळखून मीटर चॅनेलची नोंद करतो. घरातल्या प्रत्येक सदस्याला एक बटण दिलेलं असतं, टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं.

२०२० च्या आसपास देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी आणि मीटर असलेली घरं सुमारे ४४ हजार होती. भागाकार केला तर साधारण ४,७७० घरांमागे एक मीटर. हा आकडा ऐकून बहुतेक लोक म्हणतात, "हे काय मोजमाप झालं?" इथे इंजिनिअरिंगला शिकलेलं थोडं कामी येतं. नमुना लहान असणं हा मोठा दोष नाही. भात शिजलाय का हे बघायला एक शीत पुरतं, पातेलं कितीही मोठं असो. अट एवढीच की भात नीट हलवलेला हवा. तळाचा, वरचा, कडेचा, सगळीकडचा दाणा हाताला लागण्याची शक्यता सारखी हवी.

बरीच वर्षं हे पातेलं हलवलंच जात नव्हतं. बार्कच्या आधीच्या काळातल्या टीआरपीत ग्रामीण घरं धरलेली नव्हती. म्हणजे लोणखेड्यासारख्या गावातलं मत चुकीचं मोजलं जात होतं असंही नाही, ते मोजणीच्या बाहेरच होतं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारनं रेटिंग संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. किमान २० हजार घरांपासून सुरुवात करून दरवर्षी १० हजारांची भर घालत ५० हजारांपर्यंत जायचं, असं त्यात ठरलं. ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भागाचे आकडे येऊ लागले आणि चॅनेलांची क्रमवारी हलली. डीडी फ्री डिशवर फुकट दिसणारी चॅनेल एकदम वर आली. ती आदल्या आठवड्यातही तितकीच बघितली जात होती. फक्त बघणारा कागदावर आला नव्हता.

मग आता प्रश्न सुटला का? कौटुंबिक मालिकांपुरता बराचसा सुटला. जॉनरवाल्यांचा नाही, आणि त्याचं कारण निव्वळ गणिती आहे.

उदाहरणापुरतं धरू, की महाराष्ट्र-गोवा बाजारपेठेत मीटरची ४ हजार घरं आहेत. संध्याकाळी आठची कौटुंबिक मालिका त्यातल्या ४०० घरांत चालू असते. रात्री साडेदहाची भयमालिका २० घरांत. या ४ हजार घरांऐवजी तशीच दुसरी ४ हजार घरं निवडली असती, तर आठच्या मालिकेचा आकडा साधारण ३६० ते ४४० च्या दरम्यान आला असता. दहा टक्के इकडेतिकडे. साडेदहाच्या मालिकेचा आकडा मात्र ११ आला असता किंवा २९ सुद्धा. लोकांची आवड तीच, मालिका तीच, पण एका नमुन्यात ती फ्लॉप आणि दुसऱ्यात हिट. उशिराची वेळ आणि मोजका प्रेक्षक, हे दोन्ही जॉनर मालिकांच्या वाट्याला येतं. त्यामुळे त्यांच्याबाबत टीआरपी सगळ्यात डळमळीत असतो, आणि त्याच डळमळीत आकड्यावर त्या बंद होतात.

दुसरी गोष्ट आणखी खटकणारी आहे. रेटिंग मोजताना दर मिनिटाला सरासरी किती जण समोर होते, ते बघतात. त्या मिनिटाला तुम्ही श्वास रोखून बघत होता की मेथी निवडत होता, हे मीटरला कळत नाही. मेथी निवडता निवडता कौटुंबिक मालिका नीट कळते, ती तशीच लिहिलेली असते. एक प्रसंग तीनदा दाखवतात, तीन बाजूंनी चेहरे दाखवतात, ढण्‌ ढण्‌ वाजवतात. गूढकथा अशी बघता येत नाही. एक वाक्य सुटलं की धागा सुटला. म्हणजे पूर्ण लक्ष मागणाऱ्या गोष्टीला त्या लक्षाचे जादा गुण शून्य.

पायलट भाग आपल्याला का दिसत नाही?

पायलट म्हणजे मालिकेचा नमुना भाग. अख्खी मालिका बनवण्याआधी एक भाग चित्रित करून पैसे लावणाऱ्यांना दाखवायचा. त्यांना पटलं तर पुढे. आपण टीव्हीवर 'पहिला भाग' बघतो तो पायलटच असेल असं नाही. कधीकधी पायलट कपाटातच राहतो.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'स्टार ट्रेक'चं. या विज्ञानमालिकेचा पहिला पायलट १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसीनं नाकारला, पण दुसरा करून आणा असं सांगितलं. तो पास झाला आणि सप्टेंबर १९६६ मध्ये मालिका सुरू झाली. तीन पर्वं, ७९ भाग, आणि १९६९ मध्ये बंद, कारण प्रेक्षकसंख्या कमी. त्यानंतर स्थानिक चॅनेलांवर जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवले जाऊ लागले आणि घराघरांत ही मालिका लोकप्रिय झाली. १९७९ मध्ये तिच्यावर सिनेमा आला. घरच्या प्रेक्षकानं दिलेला निकाल वाहिनीच्या निकालाच्या बरोबर उलटा होता, फक्त तो दहा वर्षं उशिरा वाचला गेला.

दूरदर्शनच्या काळात आपल्याकडेही पायलट मंजूर करून घ्यावे लागत आणि मग साधारण १३ भागांची परवानगी मिळे. माझ्या मते त्या काळातला खरा पायलट मात्र वेगळाच होता. रामानंद सागर यांनी १९८५ मध्ये 'विक्रम और बेताल' आणली. झाडाला लटकलेला बेताल, पाठीवर प्रेत घेऊन चालणारा राजा, साध्यासुध्या ट्रिक फोटोग्राफीनं घडणारे चमत्कार. चोख जॉनर मालिका. अरुण गोविल, दीपिका चिखलिया, दारा सिंग ही मंडळी त्यात होती. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, तेव्हा त्यातल्या कितीतरी चेहऱ्यांना आणि त्या चमत्कारांच्या तंत्राला घरोघरी आधीच पसंती मिळालेली होती.

प्रेक्षकाला पायलट दाखवून थेट मत विचारायचा प्रयोग अ‍ॅमेझॉननं एप्रिल २०१३ मध्ये केला. १४ पायलट भाग ऑनलाइन ठेवले आणि सांगितलं, बघा, गुण द्या, त्यावरून आम्ही ठरवू. त्यात 'झॉम्बीलँड' या गाजलेल्या झॉम्बी सिनेमावरची मालिका होती. सिनेमाच्या चाहत्यांनाच ती रुचली नाही आणि ती पुढे गेली नाही. जानेवारी २०१५ मध्ये 'द मॅन इन द हाय कॅसल'चा पायलट आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान जिंकले असते तर, ही कल्पना. तो चालला आणि महिन्याभरात मालिकेला होकार मिळाला. काही वर्षांनी कंपनीनं ही पद्धतच बंद केली. भारतात प्राइम व्हिडिओ डिसेंबर २०१६ मध्ये आला. तोपर्यंत अशा मतदानाचे दिवस सरत आले होते.

मराठी दैनंदिन मालिकांत तर असा पायलट प्रेक्षकापुढे कधी येतच नाही. प्रोमो येतो, मग पहिला भाग, मग रोज एक. खरं तर पहिला महिना हाच पायलट असतो, पण प्रेक्षकाला ते कुणी सांगत नाही. आकडे पडले की कथानक वळतं, नवं पात्र येतं, लग्न लागतं. भयमालिकेत लग्न लागलं की समजावं, आकडे पडलेत.

ओटीटीवर तरी मत मोजलं जातं का?

इथे नमुना नाही. प्रत्येक खात्याची नोंद होते. लोणखेड्यातल्या मोबाइलवर कुणी कुठल्या मिनिटाला थांबवलं, मागे नेलं, सोडून दिलं, हे कंपनीला नेमकं ठाऊक असतं. टेंभलीच्या आधार क्रमांकाइतकंच नेमकं, म्हणा. अडचण वेगळी आहे: 'पाहिलं' कशाला म्हणायचं, हे कंपनीच ठरवते आणि बदलते.

नेटफ्लिक्सनं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, की दोन मिनिटं पाहिलं तरी 'पाहिलं' असं धरू. त्याआधी एका भागाचा किंवा सिनेमाचा ७० टक्के हिस्सा पाहावा लागे. २०२१ च्या अखेरीस एकूण पाहिलेले तास मोजायला सुरुवात झाली. त्यात दहा तासांची मालिका दोन तासांच्या सिनेमाला आपोआप मागे टाकते. म्हणून जून २०२३ पासून एकूण तासांना लांबीनं भागायला लागले. आपल्या त्या काल्पनिक घरानं पंधरा मिनिटांत बंद केलेला पहिला भाग २०२० च्या नियमानं 'पाहिला' ठरला असता. म्हणजे नापसंतीची नोंद पसंतीच्या खात्यात!

आणि तोंडी मताचं काय? नेटफ्लिक्सवर पूर्वी पाच तारे देता येत. एप्रिल २०१७ मध्ये ते काढून अंगठा वर किंवा खाली, एवढंच ठेवलं. कारण असं सांगितलं गेलं, की लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात आणि रात्री बसून हलकाफुलका विनोदी कार्यक्रम बघतात. माणूस तारे देताना आपण कोण असावं ते सांगतो, बघताना आपण कोण आहोत ते. हे पटण्यासारखं आहे. तरी एक गोष्ट यात हरवते. भयपट अर्ध्यावर थांबवणारा माणूस कंटाळला की घाबरला? आकडा एकच येतो.

'तुंबाड'नं काय दाखवलं?

घरच्या प्रेक्षकाच्या मताची किंमत आपल्याकडे एका सिनेमानं रोख पैशांत दाखवून दिली. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हिंदीत आहे, पण माती पूर्ण मराठी. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेलं, कथेच्या मुळाशी नारायण धारपांची भयकथा, आणि बर्वे हे नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झालेला हा सिनेमा २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आपल्याकडे लागला. तिकीटबारीवर बेताचाच चालला. व्यापारी भाषेत निकाल लागला: भयपटाला, त्यातून पावसात भिजलेल्या काळ्याकरड्या भयपटाला प्रेक्षक नाही.

मग तो ओटीटीवर आला आणि लोकांनी घरी पाहिला. मावशीनं भाच्याच्या मोबाइलवरून टीव्हीला जोडून पाहिला. गुप्तधनाची गोष्ट नाही असं गाव सापडणं कठीण, त्यामुळे हस्तर कोण हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिची एकच तक्रार होती, की पीठ मळायचा प्रसंग आणखी लांब हवा होता. सहा वर्षं असं घराघरांत, एकानं दुसऱ्याला सांगत चाललं. १३ सप्टेंबर २०२४ रोजी सिनेमा पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळच्या एकूण कमाईपेक्षा कितीतरी जास्त कमाई त्यानं केली. ज्यांच्या घरी तो फुकटात उपलब्ध होता, असेही लोक तिकीट काढून गेले.

'प्रेक्षक नाही' हे विधान २०१८ मध्ये जितकं ठाम होतं तितकंच चुकीचं होतं. प्रेक्षक घरी बसलेला होता. पण निर्माते सोहम शाह यांच्यासारखी सहा वर्षं वाट बघण्याची ऐपत आणि चिकाटी किती मराठी निर्मात्यांकडे असणार? मराठी सिनेमाला थिएटरात मिळतो एक आठवडा, कधी तोही नाही. 'झपाटलेला' १९९३ चा. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी तात्या विंचूला पहिल्यांदा टीव्हीवरच पाहिलं. आमचं मत जमा झालं ते कुठल्या खात्यात? महेश कोठारेंनी २०१३ मध्ये दुसरा भाग काढला, तेव्हा त्याचं थोडं व्याज मिळालं असेल.

जवळचा प्रेक्षक, जवळचा निर्माता

मत पोहोचायची सगळ्यात छोटी वाट मालेगावात होती. नासिर शेख यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं. कुठल्या प्रसंगाला लोक खुर्च्यांवर उभे राहतात आणि कुठे बाहेर बिडी ओढायला जातात, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. २००० मध्ये त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला, त्यातला सुपरमॅन तंबाखूवाल्यांशी लढतो. फैझा अहमद खान यांचा त्यावरचा माहितीपट २००८ चा, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ ला लागला. तिथे ना मीटर होता ना पायलट. मत देणारा आणि घेणारा एकाच खोलीत होते.

आज अहिराणी विनोदी व्हिडिओ बनवणाऱ्या पोरांकडे ती खोली यूट्यूबच्या आलेखात आहे. कुठल्या सेकंदाला किती जण सोडून गेले, हे त्यांना घरबसल्या दिसतं. म्हणून ते व्हिडिओ पहिल्या दहा सेकंदांत मुद्द्यावर येतात. पण हा आलेख भयकथेचा शत्रू आहे, कारण भीतीला आधी शांतता लागते आणि शांततेच्या सेकंदाला आलेख पडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, उसाच्या फडात, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला घडणारी अहिराणी भयमालिका मी अजून पाहिलेली नाही. मावशीच्या तिन्ही नियमांत ती सहज बसेल.

घरच्या प्रेक्षकानं काय करावं?

आपल्या घरी मीटर बसवा, असा अर्ज करता येत नाही. घरं संस्थाच निवडते आणि त्यांची ओळख गुप्त ठेवते. ठरावीक चॅनेल चालू ठेवण्यासाठी मीटरच्या घरांना पैसे दिल्याचे आरोप २०२० मध्ये गाजले, ही गुप्तता किती गरजेची आहे ते तेव्हा सगळ्यांना कळलं. ओटीटीवर मात्र मत नोंदवणं आपल्या हातात आहे. आवडलेली मालिका नावं येईपर्यंत संपवा, मध्येच सोडून 'नंतर बघू' म्हणू नका. एकाच खात्यावर घरात चौघं बघत असाल तर प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा, नाहीतर मावशीची भयकथा आणि भाच्याचं कार्टून मिळून एक विचित्र पाचवा प्रेक्षक तयार होतो आणि शिफारशी त्याच्यासाठी येतात. अंगठा दाबा, वरचा आणि खालचाही. चोरीची प्रत टेलिग्रामवरून उतरवून पाहिली, तर सिनेमा कितीही आवडो, निर्मात्याच्या खात्यात ते मत शून्य.